मणक्यात जाळी बसवून घेऊ का? तासगावकडच्या ताईंच्या पत्राला उत्तर

तासगावच्या बाजूच्या एका गावातनं ताईंचं पत्र आलंय, चांगलं चार पानी आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथं देते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. त्यांचे मालक ४१ वर्षांचे, दोन एकर द्राक्षबाग, सगळं काम स्वतःच्या अंगावर. चार महिन्यांपासून डाव्या पायात कंबरेपासून अंगठ्यापर्यंत कळ जाते, रात्री झोप नाही. एमआरआय केला, एल४-एल५ची म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकून तुकडा बाहेर आलाय असं निघालं. मिरजेत एका डॉक्टरांनी सांगितलं की छोटा चिरा घेऊन तेवढा तुकडा काढू, दुसऱ्या ठिकाणी सांगितलं रॉड-स्क्रू टाकून मणका फिक्सच करून टाकू. त्यातच पुण्याच्या भाच्यानं मोबाईलवर पाठवलं की गादीच्या भोकाला लावायची एक जाळी निघालीय, ती बसवली की गादी परत बाहेर येत नाही. आणि चुलत दिराचं असंच ऑपरेशन झालेलं, आठ महिन्यांत गादी परत सरकली, दुसऱ्यांदा उघडावं लागलं, आता ते बांधावर बसून नुसतं बघतात. ताई विचारतात, "बेदाणा विकून पैसे उभे करतो, पण दोनदा चिरफाड नको, ती जाळीच बसवून घेऊ का? आणि ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय तोवर ट्रॅक्टरवर बसू देऊ का?"

ताई, आधी एक सांगते ते वाचा आणि मग बाकीचं सावकाश वाचा. मालकांना लघवीला जोर लावावा लागत असेल, किंवा लघवी झालेली कळत नसेल, जिथं सायकलच्या सीटवर बसतो त्या जागेला बधिरपणा आला असेल, किंवा दोन्ही पाय एकदम जड पडले असतील, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आत्ताच्या आत्ता गाडी काढा. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. तिथं तासांचा हिशोब असतो, उद्या सकाळी बघू म्हणालं की लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. तसंच पायाचं पाऊल वर उचलत नाही, चप्पल पायातनं निसटते, चालताना पाऊल फरशीवर आपटतं असं अचानक सुरू झालं तरी थांबायचं नाही. तुमच्या पत्रात हे काही लिहिलेलं नाही, म्हणून नसेल असं धरून पुढं लिहिते.

मी सर्जन नाही हेही सांगून टाकते. मी सांगलीत विश्रामबागला फिजिओथेरपी करते, सव्वीस वर्षं झाली, ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे असे दोन्हीकडचे पेशंट माझ्याकडं येतात, जत, कवठेमहांकाळ, विटा, इस्लामपूर सगळीकडनं. आणि माझ्या सख्ख्या भावाची गादी ऑपरेशननंतर परत सरकली होती, तेव्हा आम्हाला कुणी धड काही समजावून सांगितलं नव्हतं, नुसतं "होतं असं" एवढंच ऐकायला मिळालं. म्हणून तुमचं पत्र वाचून मला बसवलं नाही. तुमची भीती खरी आहे, उगाचची नाही. पण त्या भीतीवरनं इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवायची वस्तू, घ्यायचा निर्णय करायचा नसतो, तो करायचा असतो गादीला पडलेल्या भोकाच्या मापावरनं, आणि हे एवढं तुम्हाला नीट समजलं तर डॉक्टरांसमोर बसून तुम्ही बरोबर बोलाल.

मणक्याच्या दोन हाडांमध्ये जी गादी असते तिच्या आत चिकट जेलीसारखा गर असतो आणि बाहेरनं एकावर एक चिवट पापुद्रे गुंडाळून कडं केलेलं असतं. ट्रॅक्टरचं टायर डोळ्यासमोर आणा, बाहेर टायर आत ट्यूब. टायरला एका बाजूनं काप गेला की ट्यूब तिथनं फुगून बाहेर येते, तसाच हा गर फाटलेल्या कड्यातनं बाहेर येतो आणि शेजारनं जाणाऱ्या नसेवर बसतो. एल४-एल५ला बाहेर आला तर बहुतेक वेळा पाचव्या नसेवर, म्हणून तुमच्या मालकांची कळ अंगठ्यापर्यंत जाते. हे सगळं गादीमुळं होतं हेच मुळी १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी नीट दाखवून दिलं, त्याआधी लोक पायात उतरणाऱ्या ह्या कळेला, म्हणजे सायटिकाला, वात म्हणूनच चोळत बसायचे, आपल्याकडं अजूनही बसतात.

आता ऑपरेशनमध्ये काय करतात तर बाहेर आलेला तुकडा आणि आतला सुटा झालेला थोडा गर काढतात, नस मोकळी होते, पायाची कळ बऱ्याच जणांची त्याच दिवशी जाते. पण भोक तसंच राहतं. ह्या गादीला मोठेपणी रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच, त्यामुळं कातडीला टाका घातला आणि आठवड्यात सांधलं तसं तिचं होत नाही, ती वरवर खपली धरल्यासारखी भरते आणि कमजोर राहते. आत राहिलेला गर परत त्याच वाटेनं येऊ शकतो. तुमच्या दिरांचं तेच झालं असणार. सरसकट सगळे पेशंट धरले तर गादी परत सरकायचं प्रमाण शंभरात साधारण पाच ते पंधरा असं सांगतात, म्हणजे बहुतेकांचं होत नाही, पण गावात ज्याचं बिघडलं त्याचीच गोष्ट दहा वर्षं फिरते आणि ज्यांचं बरं झालं ते कामाला लागलेले असतात, त्यांचं कोण सांगतंय.

पण हे पाच-पंधरा सगळ्यांना सारखं लागू नाही, खरी गोम इथं आहे. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या कॅरागी म्हणून सर्जननी २००३ साली १८७ पेशंटचा अभ्यास छापला होता, त्यांनी ऑपरेशन करतानाच बघितलं की कुणाच्या गादीला नुसती चीर आहे आणि कुणाला मोठं भगदाड आहे. ज्यांचा तुकडा सुटा होता आणि कड्याला फक्त बारीक चीर होती त्यांच्यात परत सरकायचं प्रमाण शंभरात एक निघालं. आणि ज्यांना मोठं भगदाड होतं त्यांच्यात शंभरात २७. बघा, आजार तोच, ऑपरेशन तेच, सर्जन तोच, फरक फक्त भोकाचा. म्हणजे चीर असलेल्या माणसाला जाळी बसवणं म्हणजे खिळ्याच्या पंक्चरला गॅटर, म्हणजे टायरच्या आतनं लावायचा जाड तुकडा, टाकण्यासारखं आहे, आणि गॅटर कधी टाकतात ते मालकांना विचारा, त्यांना माहितीय, टायरला मोठा काप गेल्यावर.

तुमच्या भाच्यानं पाठवलंय ते बहुतेक बॅरिकेड नावाचं इम्प्लांट असणार. पोरगं चुकीचं सांगत नाहीये, ही गोष्ट खरोखर आहे. टायटॅनियमचा एक छोटा खुंट असतो तो शेजारच्या मणक्याच्या हाडात ठोकून बसवतात आणि त्याला जोडलेली विणलेल्या पॉलिएस्टरची जाळी भोकाच्या आतल्या बाजूनं आडवी राहते. म्हणजे अगदी गॅटरच. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथं औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्यानं, २०१९ साली त्याला मान्यता दिली, पण कशासाठी ते नीट ऐका: कमरेच्या खालच्या दोन गाद्या म्हणजे एल४-एल५ किंवा एल५-एस१, एकाच गादीचं आणि पहिल्यांदाच होणारं ऑपरेशन, आणि भोक उंचीला ४ ते ६ मिलीमीटर आणि रुंदीला ६ ते १० मिलीमीटर असेल तरच. त्यापेक्षा बारीक भोकाला नाही. हाडं ठिसूळ झालेल्या माणसाला पण नाही, खुंट धरणार कशाला.

ह्या इम्प्लांटचा सगळ्यात मोठा अभ्यास जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, बेल्जियम आणि नेदरलँडमध्ये मिळून झाला, ५५४ पेशंट, सगळे मोठ्या भोकाचे, चिठ्ठ्या टाकल्यासारखं निम्म्यांना जाळी आणि निम्म्यांना नुसतं नेहमीचं ऑपरेशन. कंपनीच्या पैशानं झालेला आहे हे लक्षात ठेवून वाचायचं, पण आकडे लपवलेले नाहीत. दोन वर्षांनी बघितलं तर त्रास देणारी गादी परत सरकणं नुसत्या ऑपरेशनमध्ये शंभरात २५ आणि जाळीत १२. त्यासाठी दुसरं ऑपरेशन लागणं १३ आणि जाळीत ५. फरक चांगला आहे, मी कमी लेखत नाही. पण आपल्या भाषेत मांडून बघा: मोठं भोक असलेल्या शंभर जणांना जाळी बसवली तर आठ जणांचं दुसरं ऑपरेशन टळलं, पाच जणांना जाळी असूनही करावं लागलं, आणि ८७ जणांना जाळी नसती तरीही लागलं नसतं. पाच वर्षांनी बघितलं तर आकडे दोन्हीकडं वाढले, कुठल्याही कारणानं दुसरं ऑपरेशन जाळीवाल्यांत १६ आणि बिनजाळीवाल्यांत साधारण २३, म्हणजे फायदा टिकला पण "परत येतच नाही" हे काही खरं नाही. आणि पायाचं दुखणं, चालणं-फिरणं ह्याची सरासरी दोन्हीकडं जवळपास सारखीच सुधारली होती.

दुसरी बाजू पण सांगायलाच पाहिजे, ती मोबाईलवरच्या मेसेजमध्ये नसते. जाळीवाल्यांच्या एमआरआय-सीटीमध्ये गादीला लागून असलेल्या हाडाच्या पृष्ठभागात बदल, खड्डा पडल्यासारखे, शंभरात ८४ जणांत दिसले आणि बिनजाळीवाल्यांत ३० जणांत. गॅटर आतल्या ट्यूबला घासतो तसंच समजा. त्या बदलामुळं लोकांचं दुखणं वाढलं असं अभ्यासात दिसलं नाही, ते खरं, पण तुमचे मालक ४१ वर्षांचे आहेत, त्यांना अजून तीस वर्षं त्या कमरेवर काढायचीयत, दोन किंवा पाच वर्षं म्हणजे सगळं आयुष्य नव्हे. शिवाय शरीरात परकी वस्तू आली की तिथं इन्फेक्शन झालं तर ते काढणं जड जातं, खुंट हलू शकतो, जाळी सुटू शकते, आणि मग परत उघडायचं झालं तर साध्या दुसऱ्या ऑपरेशनपेक्षा ते किचकट होतं. शुगर असेल तर आणखी. तुम्ही शुगरचं काही लिहिलं नाहीये, तपासून घ्या, चाळिशीतल्या पुष्कळ जणांना ती ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीतच पहिल्यांदा कळते.

आता रॉड-स्क्रूचं. ही वेगळीच गोष्ट आहे आणि आपल्याकडं सगळ्यालाच "इम्प्लांट" म्हणतात म्हणून घोटाळा होतो, तुमच्या पत्रात पण झालाय. रॉड-स्क्रू म्हणजे दोन मणके कायमचे एकमेकांना जखडून टाकायचे, मधली गादी संपवून. त्यानं त्या गादीतनं परत तुकडा यायचा प्रश्न मिटतो हे बरोबर, पण तिथली हालचाल पण मिटते आणि वरच्या-खालच्या गादीवर जास्तीचा ताण येतो. पहिल्यांदा सरकलेल्या गादीसाठी, पायाची कळ हाच मुख्य त्रास असेल तर, सरसकट मणका जखडू नका असंच सर्जन लोकांच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. हां, अपवाद आहेत: मणका पुढं-मागं सरकत असेल, कंबरच वर्षानुवर्षं पायापेक्षा जास्त दुखत असेल, आणि फार अवजड अंगमेहनतीचं काम असेल तर विचार होऊ शकतो असंही म्हटलंय. तुमच्या मालकांचं काम अवजडच आहे, त्यामुळं दुसऱ्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते लगेच पैसे काढायचा डाव आहे असं मी म्हणणार नाही, पण त्यांना विचारा की आमच्या बाबतीत नेमकं कशामुळं, पुढं-मागं वाकून काढलेल्या एक्स-रेमध्ये मणका हलतोय का, आणि ते उत्तर तुम्हाला समजेल असं मिळालं पाहिजे. नुसतं "एकदाच काय ते पक्कं करून टाकू" हे उत्तर नाही. घर पक्कं करतात, कंबर वाकायला लागते.

आणखी पण प्रकार आहेत, मणक्याच्या मागच्या काट्यांमध्ये बसवायचा स्पेसर, नसेभोवती चिकटू नये म्हणून लावायचं जेल, कड्याला घालायचे टाके. ह्यातल्या कशावरही ह्या दुखण्यासाठी मी तुम्हाला बेदाणा विकायला सांगणार नाही. स्पेसर मुख्यतः वय झालेल्यांच्या, नसा जायची नळी आवळलेल्या मणक्यासाठी, टाक्यांचा फायदा मोठ्या अभ्यासात नीट सिद्ध झाला नाही. एवढं पुरे.

आता सगळ्यात पहिला प्रश्न जो तुम्ही विचारलाच नाही, ऑपरेशन लागतंच का? नेदरलँडमध्ये २८३ पेशंटवर अभ्यास झाला होता, २००७ साली छापला, दीड ते तीन महिने जोराचा सायटिका असलेले लोक, निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, निम्म्यांना थांबायला सांगितलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांचा पाय लवकर सुटला, हे स्पष्ट दिसलं. पण वर्षानं बघितलं तर दोन्हीकडचे शंभरातले ९५ बरे झालेले. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं हेही खरं. बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतः हळूहळू जिरवतं, मी माझ्या डोळ्यांनी एमआरआय बघितलेत, मोठा सुटलेला तुकडा सहा-आठ महिन्यांनी दिसेनासा झालेला. पण तुमच्या मालकांना चार महिने झालेत, रात्रीची झोप नाही, गोळ्या चालू आहेत, त्यामुळं ऑपरेशन घाईनं होतंय असं मला वाटत नाही. नसेजवळचं इंजेक्शन झालं नसेल तर तेवढं एकदा डॉक्टरांना विचारा, आणि पायाची ताकद कमी होत चालली असेल तर तेही विचारत बसू नका.

आता मिरजेला जाताना काय बोलायचं ते सांगते. मिरजेचं एक बरं आहे, १८९४ साली डॉक्टर वानलेसनी तिथं दवाखाना काढला तेव्हापासून गावच दवाखान्याचं झालंय, दुसरा सल्ला घ्यायला लांब जावं लागत नाही, कर्नाटकातनं लोक येतात, आपल्याला तर एसटीनं तास-दीड तास. एमआरआयची फिल्म नको, सीडी न्या, फिल्मवर सगळे काप नसतात. पहिल्या डॉक्टरांकडं, म्हणजे जे तुकडाच काढू म्हणाले त्यांच्याकडंच, परत एकदा नुसतं बोलायला जा, मालक दुखण्यानं वैतागलेले असतील तर तुम्ही बोला, संकोच करू नका. विचारा की एमआरआयवरनं भोक मोठं असेल असं वाटतंय का चीर वाटतेय. ते म्हणतील नक्की आत गेल्यावरच कळेल, आणि ते बरोबरच आहे, खरं माप टेबलावरच घेतात, म्हणूनच हा विषय आधी बोलून ठेवायचा असतो. मालक भुलीत असताना बाहेर येऊन कुणी "जाळी टाकू का, लगेच सांगा" म्हणालं तर तुम्ही त्या अवस्थेत काय सांगणार? आधीच ठरवा, भोक इतक्या इतक्या मिलीमीटरच्या वर निघालं तर काय करायचं आणि नाही निघालं तर काय. मग विचारा की ही जाळी तुम्ही स्वतः किती जणांना बसवलीय, तिला आपल्या देशात वापरायची परवानगी आहे का, आणि ती तुमच्याकडं येते कशी. उत्तर एक-दोन किंवा एकही नाही असं आलं तर माझ्या भावाला मी जे सांगितलं असतं तेच तुम्हाला सांगते, जाळी सोडा, चांगल्या हातानं साधं ऑपरेशन करून घ्या. ज्या हातानं दुर्बिणीखाली असल्या हजार गाद्या काढल्यात त्याला ती पहिलीच जाळी असेल तर जाळीचे आकडे आपल्याला लागू होत नाहीत, ते तिकडच्या सरावलेल्या हातांचे आहेत.

एक प्रश्न आणखी विचारण्यासारखा आहे, आतला गर किती काढणार. जास्त काढला की परत बाहेर यायला कमी उरतो, पण गादी खचते आणि पुढं कंबर दुखत राहते. कमी काढला की गादीची उंची राहते पण परत यायची शक्यता थोडी वाढते. दोन्हीकडनं काही ना काही सोडावंच लागतं, तुमचे डॉक्टर काय करतात आणि का हे ऐकून घ्या, चांगला डॉक्टर ह्या प्रश्नाला कंटाळत नाही.

पैशाचं. बेदाणा विकायच्या आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते ऑपरेशन बसतंय का हे हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा, आणि इम्प्लांट धरून की वगळून हे वेगळं विचारा. काहीही बसवलं, स्क्रू असो नाहीतर जाळी, तर त्याच्या पाकिटावर नाव आणि नंबरचं स्टिकर असतं, ते तुमच्या डिस्चार्जच्या कागदावर लावून मागा. माझ्या भावाच्या वेळी आम्ही मागितलं नाही, पुढं दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं आत काय बसवलंय, आमच्याकडं उत्तर नव्हतं. त्याच्याबरोबर ऑपरेशनची नोट पण मागा, त्यात भोक किती मोठं होतं, किती गर काढला हे लिहिलेलं असतं, उद्या खरंच परत दुखलं तर तो कागद एमआरआयपेक्षा जास्त सांगतो.

जाळीशिवाय तुमच्या हातात काय आहे, तर बरंच आहे. तुम्ही लिहिलंय की मालक तंबाखू खातात आणि दिवसाला पाच-सहा सिगारेटी. ताई, सिगारेट ओढणाऱ्यांची गादी परत सरकायचं प्रमाण जास्त असतं हे अनेक अभ्यासांत दिसलंय, गादीला आधीच रक्त नाही, त्यात निकोटीननं जे काय थोडं पोचतं तेही आखडतं, आणि तंबाखूतनं पण तेच निकोटीन जातं. लाखाची जाळी बसवायची आणि खिशात पुडी ठेवायची ह्याला काही अर्थ नाही. ऑपरेशनच्या महिनाभर आधीपासून बंद, हे त्यांना माझ्या नावानं सांगा, रागावले तर रागावू देत. वजन ८८ लिहिलंय, उंची लिहिली नाही, पण थोडं उतरलं तर बरंच.

ऑपरेशननंतर आपल्याकडं माणसाला तीन महिने पलंगावर झोपवून ठेवतात, सगळं हातात, सासूबाई उठू देत नाहीत. तसं करू नका. बहुतेक सर्जन दुसऱ्याच दिवशी चालवतात, चालणं हेच पहिलं औषध आहे, अंगणात पाच मिनिटं, मग दहा, मग गल्लीच्या टोकापर्यंत. वाकून वजन उचलणं आणि त्याच वेळी कंबर पिळणं हे मात्र सहा आठवडे अजिबात नाही, आणि क्रेटचं काम तर मी तीन महिने नाही म्हणेन, कारण भरलेला क्रेट उचलून बाजूला ठेवताना नेमकं तेच होतं, वाकणं, उचलणं आणि वळणं एकदम. पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंचे व्यायाम टाके निघाल्यावर डॉक्टर हो म्हणाले की सुरू करायचे, जवळ कुणी फिजिओ असेल त्यांच्याकडं, विश्रामबागेलाच यायला पाहिजे असं काही नाही. तुमच्या दिरांना पण घेऊन जा. तीन वर्षं बांधावर बसलेल्या माणसाचे स्नायू बसून बसूनच जास्त गेलेले असतात, आणि त्यांना कुणी उठा म्हणालं नसणार.

राहिली ऑक्टोबर छाटणी. ट्रॅक्टर नाही. ब्लोअर लावून बागेच्या सरीतनं ट्रॅक्टर चालवताना कंबरेला जे हादरे बसतात ते सरकलेल्या गादीला सगळ्यात वाईट, आत्ता तर नाहीच आणि ऑपरेशननंतर पण डॉक्टर सांगतील तोवर नाही. छाटणीला टोळी घ्या, फवारणीला गावातलाच कुणी ट्रॅक्टरवाला भाड्यानं बघा, खर्च होईल, पण मालकांनी बागेत खुर्ची टाकून कुठली काडी किती डोळ्यांवर कापायची हे सांगितलं तरी त्यांचं मन तिथं राहील, आणि अर्ध्या-अर्ध्या तासानं उठून एक चक्कर मारायला लावा. छाटणी आधी उरकून मग ऑपरेशन की आधी ऑपरेशन, हे कळ किती आहे आणि ताकद टिकून आहे का ह्यावर ठरवा. त्यासाठी रोज सकाळी मालकांना टाचेवर दहा पावलं चालायला सांगा, आणि मग तुम्ही दोन्ही पायांच्या अंगठ्यांवर बोट ठेवून खाली दाबा, त्यांनी अंगठा वर उचलायचा. उजव्याइतकाच डावा उचलतोय तोवर तुमच्याकडं विचार करायला वेळ आहे. डावा कमी पडायला लागला तर छाटणी टोळीवर सोडा आणि त्याच दिवशी मिरज गाठा.